कृष्णविवराभोवतीचे क्ष-किरण मागे का पडतात?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "सिग्नस एक्स-१ सारख्या कृष्णविवराकडून येणाऱ्या क्ष-किरणांत जास्त ऊर्जेचे किरण कमी ऊर्जेच्या किरणांच्या मागून पोचतात असं वाचलं. निर्वात पोकळीत सगळ्या प्रकाशाचा वेग एकच असतो. मग हा उशीर वाटेतल्या वायूमुळे होतो का? आणि त्याला प्रकाशवेगाने गुणलं की कृष्णविवराभोवतीच्या तबकडीचा आकार मिळतो का?"

गुणाकाराबद्दल आधी सांगतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. सिग्नस एक्स-१ मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान २०२१ च्या मोजणीनुसार सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. एवढ्या वस्तुमानाची गुरुत्वीय त्रिज्या, म्हणजे कृष्णविवराभोवतीची अंतरं मोजायचं आमचं माप, जेमतेम ३१ किलोमीटर. प्रकाश ती एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात ओलांडतो. आता मोजलेला उशीर पाहा. चमकेच्या साधारण दहा सेकंदांत होणाऱ्या चढउतारांत तो काही शतांश सेकंद असतो. ०.०५ सेकंद धरून गुणाकार केला तर उत्तर येतं १५ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ५०० गुरुत्वीय त्रिज्या. पण पडणाऱ्या वायूची बहुतेक ऊर्जा पहिल्या काही दशक त्रिज्यांच्या आतच मोकळी होते. एवढ्या लांब इतके प्रखर क्ष-किरण तयार व्हायला इंधनच नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ते 'अंतर' अंतर नाहीच.

वाटेतला वायूही दोषी नाही. आयनीभूत वायूमुळे रेडिओ लहरींना उशीर होतो हे खरं, पण तो वारंवारता वाढेल तसा झपाट्याने कमी होतो आणि क्ष-किरणांपर्यंत येईतो नगण्य होतो. शिवाय त्यात कमी ऊर्जेची लहर मागे पडते, इथे जास्त ऊर्जेची पडते. आणि वाटेतला उशीर असता तर चढउतार मंद असोत की जलद, तो सगळ्यांना सारखाच लागला असता. तसं दिसत नाही. सगळी गोम याच 'तसं दिसत नाही'मध्ये आहे.

ही जागा कशी आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिग्नस एक्स-१ हंस तारकासमूहात, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर आहे. नवरात्राच्या सुमारास रात्र पडली की हंस आपल्याकडे माथ्यापासून थोडा उत्तरेला असतो. कृष्णविवर अर्थातच दिसत नाही, पण त्याचा जोडीदार, एचडीई २२६८६८ हा निळा महातारा, छोट्या दुर्बिणीतून नवव्या प्रतीचा ठिपका म्हणून दिसू शकतो. दोघं एकमेकांभोवती ५.६ दिवसांत एक फेरी मारतात. महाताऱ्याच्या वाऱ्यातला काही वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. त्याला कोनीय संवेग असतो, म्हणून तो तबकडी करून फिरत राहतो आणि घर्षणाने संवेग बाहेर सोपवत हळूहळू आत सरकतो. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मध्ये या तबकडीचं जे गणित मांडलं, ते आजही आम्ही रोज वापरतो. घर्षण नेमकं कशामुळे होतं हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. चुंबकीय क्षेत्रामुळे फिरत्या वायूत माजणारी खळबळ हे त्याचं कारण, हे बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवलं. ही खळबळ पुढे आपल्या उत्तरात येणार आहे.

तबकडीचा आतला भाग काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो आणि एका किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (पुढे नुसतं केईव्ही) आसपासचे मृदू क्ष-किरण देतो. पण सिग्नस एक्स-१ बहुतेक काळ ज्या 'हार्ड' अवस्थेत असतो, तिच्यात शंभर केईव्हीपर्यंतचे कठोर किरण जास्त असतात. ते तबकडीतून येऊ शकत नाहीत. ते येतात कृष्णविवराजवळच्या विरळ आणि अब्ज अंशांच्या घरात तापलेल्या वायूतून. त्याला आम्ही कोरोना म्हणतो. तबकडीतला मृदू फोटॉन कोरोनात शिरतो, तिथल्या इलेक्ट्रॉनांचे धक्के खातो आणि दर धक्क्याला ऊर्जा कमावत कठोर होऊन बाहेर पडतो.

आता पहिली शंका साहजिक आहे: जास्त धक्के म्हणजे जास्त ऊर्जा आणि जास्त वेळ, मग हाच उशीर का नाही? १९७० आणि ८० च्या दशकांत बहुतेकांना असंच वाटत होतं, आणि कल्पना चुकीची नाही, पुरी पडत नाही इतकंच. धक्के दोन असोत वा दहा, कोरोना काही दशक त्रिज्यांची असेल तर एकूण उशीर काही मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. आणि मुख्य म्हणजे तो मंद चढउतारांना जेवढा, तेवढाच जलद चढउतारांना असायला हवा.

जपानच्या गिंगा उपग्रहाच्या निरीक्षणांनी याला छेद दिला. मियामोतो, कितामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सिग्नस एक्स-१ च्या दोन ऊर्जापट्ट्यांतली चमक घेतली, तिचं फूरिये पद्धतीने वेगवेगळ्या वारंवारतांत (किरणांच्या नव्हे, चढउतारांच्या) विभाजन केलं आणि प्रत्येक वारंवारतेसाठी उशीर वेगळा काढला. ही पायरी महत्त्वाची आहे. त्याआधी लोक दोन आलेख एकमेकांवर सरकवून कुठे सर्वांत जास्त जुळतात ते पाहायचे आणि उत्तर यायचं शून्य! सरमिसळीत जलद चढउतार शिखराची जागा ठरवतात आणि मंद चढउतारांचा मोठा उशीर शिखराच्या एका बाजूला किंचित फुगवटा होऊन लपून जातो. विभाजन केल्यावर चित्र स्वच्छ झालं. ०.१ हर्ट्झला काही शतांश सेकंद, १० हर्ट्झला दोनेक मिलिसेकंद. उशीर वारंवारतेबरोबर घटत जातो, साधारण वारंवारतेच्या उणे ०.७ घाताने. पुढे अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाने, जो डिसेंबर १९९५ मध्ये गेला आणि जानेवारी २०१२ पर्यंत चालला, हेच अधिक काटेकोरपणे दाखवलं. ढोबळमानाने उशीर चढउताराच्या आवर्तकालाच्या एक टक्क्याच्या आगेमागे राहतो.

१९९० च्या दशकात काहींनी धक्क्यांची कल्पना वाचवण्यासाठी कोरोनाच हजारो त्रिज्यांपर्यंत पसरवली, बाहेर विरळ होत जाणारी. वारंवारतेचा नियम त्यातून निघतो, गणितही देखणं आहे. पण एवढ्या लांबच्या वायूला अब्ज अंशांवर तापवणार कोण? हा प्रश्न मी वर केला तोच, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला तरी कधी मिळालं नाही.

उत्तर आलं ते वायूच्या चालीतून. ल्युबार्स्की यांनी १९९७ मध्ये सुचवलं की तबकडीत प्रत्येक त्रिज्येवर खळबळीमुळे आत सरकणाऱ्या वायूचं प्रमाण कमीजास्त होत असतं. बाहेरच्या भागात हे बदल मंद, आतल्या भागात जलद. बाहेर झालेला बदल वायूबरोबर आत वाहत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणच्या बदलाने गुणला जातो. कालव्याचं आवर्तन डोळ्यांसमोर आणा. मुख्य दरवाज्यावर पाणी वाढवलं तर ती वाढ वरच्या शेतांना आधी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याला फार उशिरा कळते. पण टेलजवळच्या एखाद्या चारीचं दार कोणी वरखाली केलं तर त्याचा परिणाम टेलला लगेच जाणवतो, वरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. कोटोव्ह, चुराझोव्ह आणि गिल्फानोव्ह यांनी २००१ मध्ये यात एक साधी गोष्ट जोडली: आतला भाग जास्त कठोर क्ष-किरण देतो, बाहेरचा मृदू. झालं. मंद बदल लांबून निघतो, आधी मृदू किरणांत दिसतो आणि आत पोचायला वेळ घेऊन मग कठोर किरणांत दिसतो. जलद बदल मुळात आतच जन्मतो, त्याचा प्रवास छोटा, उशीरही छोटा.

म्हणजे तुमच्या प्रश्नातला उशीर प्रकाशाचा नाहीच, तो वायूच्या आत सरकण्याचा आहे. प्रकाश फक्त बातमी आणतो.

याला आणखी एक स्वतंत्र पुरावा आहे. अटली आणि मॅकहार्डी यांनी २००१ मध्ये दाखवलं की क्ष-किरणांची सरासरी चमक जास्त असते तेव्हा चढउतारही त्याच प्रमाणात मोठे असतात, अगदी सरळ रेषेत. कोरोनात एकमेकांशी संबंध नसलेले स्फोट होत असते आणि त्यांची नुसती बेरीज दिसत असती, तर हे नातं आलं नसतं. ते गुणाकारातून येतं. माझ्या मते उशिराच्या आलेखापेक्षाही हा पुरावा जास्त बोलका आहे, कारण तो काढायला फार हुशारी लागत नाही आणि त्यातून सुटायला फार हुशारी लागते.

या चित्रातून तबकडीबद्दल काय कळतं, ते आकड्यांत पाहू. सिग्नस एक्स-१ मध्ये १० गुरुत्वीय त्रिज्यांवर वायूची एक फेरी साधारण २० मिलिसेकंदांत होते. आत सरकायला लागणारा वेळ याहून बराच मोठा, आणि तो तबकडीच्या जाडीवर फार अवलंबून असतो. जाडी आणि त्रिज्येचं गुणोत्तर ०.०१ असेल, म्हणजे तबकडी पातळ असेल, तर घर्षणाचा गुणांक ०.१ धरून हा वेळ पाच मिनिटांच्या वर जातो. गुणोत्तर ०.३ धरलं तर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. आपण पाहतो ते चढउतार सेकंद आणि त्याच्या अंशांचे आहेत. म्हणजे निदान हार्ड अवस्थेत आतला प्रवाह गरम आणि फुगलेला असला पाहिजे, पातळ तबकडी या वेगाने हलू शकत नाही. उशिराच्या मोजणीतून मिळणारी खरी किंमतीची माहिती ही.

इथे आपल्याकडच्या कामाचा उल्लेख करायलाच हवा. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलं. ३ ते ८० केईव्हीचे फोटॉन ते एकेक करून, १० मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदवतं. आरएक्सटीईच्या वेळी २०-३० केईव्हीच्या वर फोटॉन इतके कमी मिळायचे की उशीर मोजणं जिकिरीचं होतं. पुण्याच्या आयुकातल्या रणजीव मिश्रा यांच्या गटाने जानेवारी २०१६ च्या निरीक्षणांवरून सिग्नस एक्स-१ चा उशीर पार ८० केईव्हीपर्यंत काढला. चढउतारांत ०.४ आणि ३ हर्ट्झच्या आसपास दोन रुंद उंचवटे होते आणि उशीर ऊर्जेबरोबर कसा बदलतो हे दोन्ही उंचवट्यांत वेगळं निघालं. एकच एक प्रक्रिया सगळीकडे चालत नाही, याची ही ठळक खूण आहे.

आता तुमच्या गुणाकाराला थोडा न्याय देतो. प्रकाशाच्या प्रवासामुळे होणारा उशीरही खरोखर असतो, फक्त तो उलट दिशेचा असतो. कोरोनाचे कठोर किरण सगळे आपल्याकडे येत नाहीत. काही तबकडीवर पडतात. तबकडी त्यातला काही भाग परावर्तित करते, वर्णपटात ६.४ केईव्हीजवळ लोखंडाची रेषा त्यातूनच येते, आणि उरलेला शोषून तापते व मृदू किरणांत परत देते. हे मृदू किरण थेट आलेल्या कठोर किरणांच्या मागून पोचतात, कारण त्यांची वाट लांबची आहे. याला सॉफ्ट लॅग म्हणतात. आधीचा तो हार्ड लॅग.

हे पहिल्यांदा खात्रीने दिसलं ते सिग्नस एक्स-१ सारख्या द्वैतीत (तारा आणि कृष्णविवर यांच्या जोडीत) नव्हे, १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराभोवती, २००९ मध्ये, सुमारे ३० सेकंदांचा उशीर म्हणून. वस्तुमान लाखो पट मोठं, म्हणून उशीरही मोठा. द्वैतीत हेच मिलिसेकंदांत मोजावं लागतं, तेही एक केईव्हीच्या खाली, जिथे आरएक्सटीई आंधळा होता. २०११ मध्ये अटली आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या निरीक्षणांवरून जीएक्स ३३९-४ या द्वैतीत दोन्ही उशीर एकाच वेळी दाखवले. मंद चढउतारांत तबकडीचे किरण पुढे आणि कोरोनाचे मागे. सेकंदाहून जलद चढउतारांत कोरोनाचे पुढे आणि तबकडीचे काही मिलिसेकंद मागे. एकाच ताऱ्याच्या एकाच निरीक्षणात चिन्ह बदलतं! त्यामुळे 'या कृष्णविवराचा उशीर किती' या प्रश्नाला अर्थ नाही. कोणत्या दोन ऊर्जापट्ट्यांत आणि कोणत्या वारंवारतेला, हे सांगितल्याशिवाय उशिराचा आकडा निव्वळ आकडा राहतो.

यापुढचा भाग अजून भांडणाचा आहे. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० हा द्वैती अचानक उजळला. अंतर सुमारे १० हजार प्रकाशवर्षं, आकाशातल्या सर्वांत प्रखर क्ष-किरण स्रोतांपैकी एक. अंतराळ स्थानकावर २०१७ मध्ये बसवलेल्या नायसर दुर्बिणीने तो महिनोन्‌महिने टिपला. एरिन कारा यांच्या गटाने २०१९ मध्ये नेचरमध्ये मांडलं की हार्ड अवस्थेतच सॉफ्ट लॅग आठवड्यांगणिक छोटा होत गेला आणि तो दिसण्याची वारंवारता वाढत गेली, पण लोखंडाच्या रेषेचा रुंद आकार मात्र फारसा बदलला नाही. त्यांचा निष्कर्ष: तबकडीची आतली कड जागेवर आहे, कोरोनाच उंचीने आकसते आहे. दुसऱ्या गटांचं म्हणणं वेगळं आहे: हार्ड अवस्थेत तबकडी आतपर्यंत पोचलेलीच नसते, तिची कड हळूहळू आत येते, म्हणून उशीर घटतो. पुढे २०२१ मध्ये असंही दिसलं की हार्ड अवस्थेतून सॉफ्ट अवस्थेत (जिच्यात मृदू किरण जास्त असतात) जाताना उशीर पुन्हा वाढतो, ज्याचा अर्थ काहींनी कोरोना वर, झोताच्या (कृष्णविवराजवळून अक्षाच्या दिशेने बाहेर फेकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या) दिशेने, पसरते असा लावला.

मी कोणाच्या बाजूचा? आकसणाऱ्या कोरोनाचं चित्र बहुतेक वेळा कृष्णविवराच्या अक्षावर टांगलेल्या दिव्यासारख्या बिंदूवर काढलं जातं, आणि तो दिवा मला पटत नाही. गणिताला सोयीचा आहे, म्हणून टिकून आहे. २०२२ मध्ये आयएक्सपीई उपग्रहाने सिग्नस एक्स-१ च्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनांचा एका दिशेकडे असलेला कल, मोजलं. ते सुमारे ४ टक्के निघालं आणि त्याची दिशा रेडिओ झोताला समांतर. याचा सरळ अर्थ असा की कोरोना तबकडीच्या प्रतलात आडवी पसरलेली आहे, झोताच्या बाजूने उभ्या खांबासारखी नाही. सिग्नस एक्स-१ वरून मॅक्सीचा निकाल लावता येत नाही हे मान्य, पण दिव्याच्या भरवशावर काढलेल्या किलोमीटरांकडे मी तेव्हापासून अधिकच संशयाने पाहतो.

त्यात मोजलेला सॉफ्ट लॅग कधीच पूर्ण उशीर नसतो. मृदू पट्टीत परत आलेल्या फोटॉनांबरोबर कोरोनाचे थेट फोटॉनही असतात. समजा पट्टीतले एक चतुर्थांश फोटॉनच तबकडीवरून आलेले असतील आणि त्यांचा खरा उशीर ५ मिलिसेकंद असेल, तर मोजणीत सव्वा मिलिसेकंदच दिसेल. शिवाय त्याच वारंवारतेला थोडा हार्ड लॅगही शिल्लक असतो, तो उलट बाजूने ओढतो. म्हणून वर्णपटाचं मॉडेल सोबत न घेता काढलेलं अंतर चार-पाच पटींनी चुकणं सहज शक्य आहे.

जवळजवळ नियमित कंपनांचा, म्हणजे क्यूपीओंचा उशीर हा आणखी वेगळा विषय. जीआरएस १९१५+१०५ मध्ये कंपनाची वारंवारता २ हर्ट्झच्या वर गेली की त्याचं चिन्ह पालटतं. तिथे तबकडीकडे आपण कोणत्या कोनातून पाहतो याचाही संबंध दिसतो, त्यामुळे वरचं गणित त्याला लावू नका.

स्वतः मोजून पाहायचं असेल तर काही खाचखळगे सांगून ठेवतो. फेजमधला, म्हणजे दोन पट्ट्यांच्या चढउतारांच्या आवर्तनातल्या स्थानांमधला, फरक उणे पाय (π) ते अधिक पाय या मर्यादेतच मिळतो. त्याला दोन पाय आणि वारंवारतेने भागून उशीर काढताना, उच्च वारंवारतेला फेजने उडी मारली की उशीर अचानक उलटा दिसतो आणि नवखे लोक तो सॉफ्ट लॅग म्हणून मिरवतात. आधी फेजचा आलेख काढा, मग वेळेचा. दोन पट्ट्यांतलं साहचर्य, म्हणजे त्यांचे चढउतार एकमेकांशी किती बांधलेले आहेत ते, प्रत्येक वारंवारतेला तपासा. ते घसरलेलं असेल तर तिथला उशीर कितीही सुबक दिसला तरी सोडून द्या. एका छोट्या पट्टीची तुलना मोठ्या संदर्भपट्टीशी करत असाल तर ती छोटी पट्टी संदर्भातून वजा करा, नाहीतर तेच फोटॉन दोन्हीकडे मोजले जातात आणि उशीर शून्याकडे खेचला जातो. आणि उपकरणाचा मृत काळ विसरू नका. लॅक्सपीसीत प्रत्येक फोटॉननंतर सुमारे ४२ मायक्रोसेकंद उपकरण दुसरा फोटॉन घेत नाही. एका पट्टीत फोटॉन आला की दुसऱ्या पट्टीत तेवढा वेळ येऊच शकत नाही, त्यामुळे उच्च वारंवारतेला, जिथे खरा संकेत क्षीण असतो, फेज पायकडे सरकू लागते.

सुरुवात आरएक्सटीईच्या सिग्नस एक्स-१ निरीक्षणांपासून करा. ती नासाच्या संग्रहात मोफत आहेत, आणि पायथनमधलं स्टिंगरे हे पॅकेज क्रॉस-स्पेक्ट्रम (ज्यातून दोन पट्ट्यांतला फेजचा फरक मिळतो तो) काढून देतं. हार्ड लॅगचा उतार नीट आला की मॅक्सी जे१८२० ची नायसरची २०१८ ची निरीक्षणं घ्या. अ‍ॅस्ट्रोसॅटचा संग्रहही खुला आहे, पण लॅक्सपीसीची पार्श्वभूमी वजा करणं शिकायला वेळ लागतो, म्हणून तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.